निळ्या उजेडात अख्खा डोळाच हिरवा दिसतो, काय चुकतंय?

पत्र : आमचा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना ऊसपट्ट्यात आहे. डोळ्यांचे डॉक्टर 35 किलोमीटरवर. हंगाम सुरू झाला की रोज एक-दोघं तरी 'डोळ्याला पात लागली' म्हणून येतात. यंदा बुबुळावरची जखम हिरवी दाखवणाऱ्या फ्लुरेसिन रंगाच्या पट्ट्यांचं पाकीट आणि नोटा तपासतात तसला जांभळा टॉर्च आणला. पण कधी अख्खा डोळाच हिरवा दिसतो, कधी काहीच दिसत नाही. तोडणीवरच्या एकाला 'जखम नाही' म्हणून परत पाठवलं, तो चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका घेऊन आला. एका बाईंच्या रुमालाला नाकातून पिवळं लागलं, त्या घाबरल्या. औषध दुकानदार म्हणतो, या रंगाची रिअॅक्शन येते, भानगडीत पडू नका. पट्टी वापरायची की सोडून द्यायची? वापरायची तर नेमकी कशी?

डॉक्टर, पट्टी सोडू नका, टॉर्च सोडा.

नोटा तपासायच्या टॉर्चचा उजेड अतिनील, 365 ते 395 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. फ्लुरेसिन सगळ्यात जास्त शोषतं तो 490 च्या आसपासचा निळा, आणि परत सोडतं तो 520 च्या आसपासचा हिरवा. तुमच्या टॉर्चखाली हिरवं फिकं दिसणार आणि वर जांभळ्या उजेडाचं धुकं. शिवाय अतिनील उजेड जवळून डोळ्यात मारणं बरं नव्हे. दवाखान्यात डायरेक्ट ऑफ्थाल्मोस्कोप, म्हणजे डोळ्यात पाहायचं हातातलं यंत्र, असेल तर त्याच्या चकतीवर कोबाल्ट निळा फिल्टर बहुतेक असतोच, फक्त कोणी फिरवून पाहिलेला नसतो. तो लावा, लेन्सची चकती +10 वर आणा आणि साधारण 10 सेंटिमीटरवरून पाहा. बुबुळ मोठं आणि स्वच्छ दिसेल. ऑफ्थाल्मोस्कोप नसेल तर निळ्या फिल्टरचा पेनटॉर्च आणि डोक्याला लावायचं भिंग चालेल. खोलीतला दिवा बंद करा, खिडकीचा पडदा ओढा. उजेडात तपासून 'काही दिसलं नाही' असं लिहिण्याला अर्थ नाही.

आता रंगाकडे. बुबुळाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, वरच्या पेशींचा थर जेमतेम 50 मायक्रॉनचा असतो. पाच-सहा पेशींची ही चळत, आणि सगळ्यात वरच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात. फ्लुरेसिन पाण्यात विरघळणारं, त्यामुळे धड थरावरून ते अश्रूंबरोबर वाहून जातं. शिवण उसवली, पेशी निघाल्या, की तिथे ते आत झिरपतं. ते जखमेला चिकटत नाही, झिरपतं, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण झिरपणारी गोष्ट पसरतही जाते. रंग घातल्यावर 1 ते 3 मिनिटांत पाहिलं तर ओरखड्याच्या कडा धारदार दिसतात. पेशंटला बाकावर बसवून दुसऱ्याचं इंजेक्शन देऊन आलात, तर कडा विरलेल्या आणि जखम आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

तुमची मुख्य चूक मात्र आमच्या अंदाजाने रंगाच्या प्रमाणात आहे. पट्टीचं टोक केशरी दिसतं, हिरवं नाही. दाट फ्लुरेसिन स्वतःचाच उजेड गिळून बसतं, ते विरळ झाल्यावरच चमकतं. तुम्ही कोरडी पट्टी डोळ्याला घासली, तर डोळ्यात गर्द केशरी डाग पडतो आणि निळ्या उजेडात तो काळपट दिसतो. पट्टीवर दोन-तीन थेंब सलाइन ओतून ते सगळं डोळ्यात सोडलंत, तर अश्रूंचं तळं भरून अख्खा डोळा हिरवा. एकीकडे 'काहीच नाही', दुसरीकडे 'सगळंच हिरवं', दोन्हीचं मूळ एकच.

पट्टी अशी ओली करा. पाकीट फाडून पट्टी पांढऱ्या टोकाकडून धरा, केशरी टोकाला बोट लागू देऊ नका. त्यावर निर्जंतुक नॉर्मल सलाइनचा एकच थेंब टाका आणि पट्टी मनगटाने झटका. थेंब लोंबता कामा नये, टोक फक्त ओलसर चमकलं पाहिजे. पेशंटला वर बघायला सांगा, खालची पापणी बोटाने खाली ओढा आणि पापणीच्या आतल्या गुलाबी बाजूला, कानाकडच्या निम्म्या भागात, टोक हलकेच टेकवून लगेच उचला. बुबुळाला टेकवायचं नाही. ओली पट्टीही बुबुळावर ओरखडा काढू शकते, आणि मग तुमचाच ओरखडा तुम्हीच शोधून काढाल. दोन-तीन वेळा डोळा मिटायला-उघडायला सांगा, गालावर ओघळलेलं टिपून घ्या, आणि पाहा.

हिरवं दिसलं की लगेच जखम म्हणू नका. अश्रूत चिकट धागे असतात, तेही हिरवे चमकतात. पेशंटला पुन्हा डोळा मिचकवायला सांगा. धागा जागचा हलतो, जखम हलत नाही. शंका राहिली तर सलाइनने डोळा धुऊन परत पाहा. धुतल्यावर उरतं ते खरं. टॉर्च समोरून न धरता कानाच्या बाजूने तिरका धरला तर बारीक ठिपकेही सुटत नाहीत.

सलाइनऐवजी नळाचं पाणी वापरू नका, त्यात बुबुळाला लागण करणारा अकांथामीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. एक पट्टी एका पेशंटला. एक डोळा चिकटलेला, पू येणारा असेल तर दुसऱ्या डोळ्याला वेगळी पट्टी. पैसे वाचवायला पट्टी उभी कापून दोन करतात, ते करू नका, कात्रीबरोबर निर्जंतुकपणा गेला. पट्टी आलीच मुळात त्यासाठी. पूर्वी 2 टक्के फ्लुरेसिनची बाटली टेबलावर असायची, आणि स्यूडोमोनास हा बुबुळ दोन दिवसांत पोखरणारा जंतू त्या बाटलीत सुखाने वाढायचा. 1951 मध्ये किमुरा यांनी रंग कागदावर सुकवून निर्जंतुक करण्याची युक्ती मांडली, आणि बाटली मागे पडली.

पट्टीच्या आधी काय करायचं हा भाग पत्रात नाही, आणि तुमचा तो तोडणी कामगार तिथेच निसटला असावा. पहिलं काम दृष्टी तपासणं, एकेक डोळा झाकून, 6 मीटरवरच्या तक्त्यावर. तक्ता नसेल तर किती अंतरावरून बोटं मोजता येतात ते लिहा. मग कापसाची वात करून तिच्या टोकाने बुबुळाला हलका स्पर्श. दुसऱ्या डोळ्याच्या मानाने संवेदना कमी वाटली तर नागिणीच्या भाऊबंदातल्या हर्पिस विषाणूचा विचार करा. ही चाचणी भूल देणाऱ्या थेंबांच्या आधीच करायची, नंतर तिला काही अर्थ राहत नाही.

मग पांढऱ्या उजेडात नीट पाहा. रंग दाखवतो ती उसवलेली शिवण. जंतू दाखवत नाही. जंतूंचा मागमूस म्हणजे बुबुळात भरलेला पांढुरका, धुरकट ठिपका, तो पांढऱ्याच उजेडात दिसतो, आणि डोळ्यात हिरवा रंग गेल्यावर तो शोधणं अवघड होतं. तुमच्या पेशंटच्या बाबतीत तीन शक्यता दिसतात. एक, पहिल्या दिवशी ओरखडा होता, पण जांभळ्या टॉर्चमध्ये दिसला नाही. दोन, तो बुबुळाच्या वरच्या भागात होता आणि वरची पापणी उचलून पाहिली नाही. तीन, वरच्या पेशी एव्हाना सांधल्या होत्या आणि पातीबरोबर आत गेलेली बुरशी खाली शाबूत राहिली. तिसरी शक्यता आपल्या भागात हलक्यात घ्यायची नाही. पात, पाचट, भाताचं तूस, मातीचं ढेकूळ यांच्या मारानंतर फ्युसेरियम आणि अॅस्परजिलस या बुरशींचे अल्सर, म्हणजे बुबुळ पोखरणाऱ्या जखमा, होतात आणि ते सावकाश चढतात. पहिले काही दिवस डोळा बरा वाटतो, दुखणंही कमी असतं. त्यामुळे हिरवं न दिसलेल्या पेशंटलाही 'उद्या आणि चौथ्या दिवशी दाखवा' सांगून पाठवायचं.

पेशंटला डोळाच उघडवत नसेल तर प्रोपॅराकेन या भुलीच्या औषधाचा, 0.5 टक्क्याचा, एक थेंब पुरे. 15 ते 20 मिनिटं काम भागतं. पण ती बाटली कपाटात, कुलपात. वेल्डिंगवाले एकदा तिची चव चाखली की परत मागायला येतात, आणि ती रोज घातली तर वरचा थर भरून येत नाही, बुबुळ विरघळत जातं. भुलीच्या थेंबानेही बुबुळावर बारीक हिरवे ठिपके उठतात, हे वाचताना ध्यानात ठेवा.

कोरडेपणा पाहायचा असेल तर भूल देऊच नका. रंग घालून दोन-तीनदा मिचकवायला सांगा, मग डोळा ताणून न धरता उघडा ठेवायला सांगा आणि सेकंद मोजा. हिरव्या थरात पहिलं काळं भोक पडेपर्यंतचा वेळ 10 सेकंदांपेक्षा कमी असेल तर अश्रूंचा थर टिकत नाही. 5 च्या खाली असेल तर चांगलाच बिघडला आहे.

आता आकार, जिथे या पट्टीचे पैसे खरे वसूल होतात. पातीचा फटका सहसा एक आडवी किंवा तिरकी रेघ काढतो, एक टोक बारीक. बुबुळाच्या वरच्या निम्म्यावर मांजराने बोचकारल्यासारख्या उभ्या समांतर रेघा दिसल्या तर गुन्हेगार वरच्या पापणीखाली बसलाय. पेशंटला खाली बघायला लावा, वरच्या पापणीचे केस धरा, कापसाची काडी पापणीच्या वरच्या घडीवर टेकवून पापणी उलटी करा. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत एक खोबण असते, कचरा तिथेच अडकतो. म्हणीतलं कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात लगेच दिसतं, प्रत्यक्षात ते पापणी उलटवल्याशिवाय दिसत नाही. ओल्या काडीने पुसून घ्या, रेघा एक-दोन दिवसांत भरतात.

फांद्या फुटलेली बारीक हिरवी रेघ, प्रत्येक फांदीच्या टोकाला गाठ, हा हर्पिस. इथे स्टिरॉइडचा थेंब म्हणजे गवताला काडी. उजेडाच्या पट्ट्यात, पापण्यांच्या मधल्या भागात दोन्ही डोळ्यांना सारखे ठिपके दिसले आणि पेशंट वेल्डिंगवाला असेल, तर काल रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं का झालं ते कळलं. खालच्या तिसऱ्या भागात ठिपके असतील तर झोपेत पापणी पूर्ण मिटते का ते विचारा, पापणीच्या कडा पाहा. पिसासारख्या विस्कटलेल्या कडा आणि जवळ सुटे ठिपके दिसले तर बुरशीचा संशय धरा. आणि एक फसवा आकार, कडेने हिरवं कडं आणि मधोमध काळं, स्वच्छ, थोडं पुढे आलेलं. तो बरा झालेला मध्य नव्हे. अल्सर खोदत खोदत डेसेमेट्स या शेवटच्या पातळ पडद्यापर्यंत पोचला, तो पडदा रंग घेत नाही. तो डोळा फुटण्याच्या बेतात असतो. दाबू नका, पट्टी बांधू नका, वर कडक कवच लावून लगेच पाठवा.

भोक पडलं असेल आणि आतलं पाणी झिरपत असेल तर फ्लुरेसिन तेही दाखवतं. नेत्रतज्ज्ञ जखमेवर दाट केशरी रंग लावून थांबतात. आतून येणारं पाणी तो विरळ करतं आणि केशरीतून हिरवा ओहोळ उतरताना दिसतो. याला सायडेलची चाचणी म्हणतात. तुम्हाला ती मुद्दाम करायची गरज नाही. कोयत्याचा, छिन्नी-हातोड्याचा मार असेल, बाहुली एका बाजूला ओढल्यासारखी दिसत असेल, तर पट्टी पाकिटातच राहू द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. असा ओहोळ रोजच्या तपासणीत अचानक दिसला तरी तेच.

चुन्याचा डबा मुलाच्या डोळ्यात फुटला असेल तर रंग, तक्ता, वात सगळं नंतर. आधी धुणं, सलाइनने, नसेल तर स्वच्छ पाण्याने, किमान अर्धा तास, पापणी उलटवून खाचेतले चुन्याचे कण काडीने काढून. इथे नळाच्या पाण्याचा वर सांगितलेला नियम लागू नाही, चुना अकांथामीबापेक्षा फार घाईत असतो. धुतल्यावर रंग घातलात तर आणखी एक फसगत होते. सगळ्या बुबुळावरचा थर गेलेला असला की सगळीकडे एकसारखं हिरवं दिसतं, कडा कुठेच नसते, आणि नवखा माणूस म्हणतो जखम नाही.

रुमालावरचं पिवळं. अश्रू पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला असलेल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरतात, रंगही त्याच वाटेने गेला. त्या बाईंचा अश्रूमार्ग मोकळा आहे, इतकाच त्याचा अर्थ. हाच रंग जर्मनीत 1877 मध्ये डॅन्यूब नदीच्या जमिनीत गडप होणाऱ्या पाण्यात ओतला होता, आणि अडीच दिवसांनी आख गावचा झरा हिरवा झाला, पाणी कुठे जातं ते कळलं. तान्ह्या बाळाचा डोळा सारखा पाझरत असेल तर तुम्ही हेच उलट वापरू शकता. दोन्ही डोळ्यांत सारखा रंग टेकवा आणि 5 मिनिटांनी पाहा. एका डोळ्यात हिरवं तळं तसंच उरलं असेल तर त्या बाजूची वाट तुंबली आहे. पेशंटला आधीच सांगा, थोडा वेळ पिवळं दिसेल, नाकातून पिवळं येईल, घशात कडवट लागेल. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायला लावा. मऊ लेन्स रंग पिऊन कायमची पिवळी होते, निदान तासभर तरी परत घालायची नाही.

दुकानदाराने ऐकलं ते खोटं नाही, वेगळ्या तपासणीचं आहे. डोळ्याच्या पडद्याची अँजिओग्राफी करताना हेच फ्लुरेसिन शिरेतून देतात, 10 टक्क्याचं 5 मिलिलिटर, म्हणजे 500 मिलिग्रॅम. मळमळ होते, लघवी गर्द पिवळी होते, क्वचित गंभीर अॅलर्जीही येते. पट्टीवर सगळा मिळून 1 मिलिग्रॅमच्या आसपास रंग असतो, त्यातलाही थोडाच डोळ्यात उतरतो. त्याने त्रास होणं फार विरळा. आधी कधी या रंगाचं इंजेक्शन घेऊन त्रास झाला होता का, एवढं विचारून घ्या.

साधा ओरखडा सापडला, पांढरा ठिपका नाही, दृष्टी ठीक, तर तुमच्या दवाखान्यात उपचार होऊ शकतो. नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी हीच पट्टी आणि निळा टॉर्च वापरून ओरखडे शोधले आणि 1 टक्का क्लोरअॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून 3 वेळा, 3 दिवस दिलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकालाही अल्सर झाला नाही. म्हणून 'आज रात्री बघू, उद्या जाऊ' म्हणणाऱ्याला त्याच संध्याकाळी गाठा. डोळा घट्ट बांधू नका, पातीच्या जखमेला ऊब आणि अंधार मिळाला की बुरशीची सोय होते. डेक्सा किंवा बेटामिथासोन ही स्टिरॉइडं असलेला कोणताही थेंब नाही. घरी काय घातलं तेही विचारा. तूप, एरंडेल, मध, कोणी जिभेने कचरा काढला का, सगळं. लोक आपणहून सांगत नाहीत, विचारलं तर सांगतात.

पांढरा ठिपका, बुबुळामागे पुवाची पातळी, फांद्यांची रेघ, कमी झालेली दृष्टी, लेन्स वापरणारा डोळा, किंवा 24 तासांनी ओरखडा लहान न होणं, यातलं काहीही असलं तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी. पेशंट त्या दिवशी पोचणार असेल तर अँटिबायोटिक सुरू करू नका. त्यांना आधी खरवडून नमुना घ्यायचा असतो, आणि औषध घातलेल्या जखमेतून जंतू उगवत नाहीत.

लहान झाला की नाही हे आठवणीवर सोडू नका. केसपेपरवर एक वर्तुळ काढा. बुबुळ आडवं साधारण 11.5 मिलिमीटर असतं, त्या मापाने जखम रेखाटा आणि घड्याळाचा आकडा लिहा, 'उजवा, 5 वाजता, 3 बाय 1 मिमी, कडा साफ, पांढरं नाही', वर तारीख आणि वेळ. तोडणी कामगारांना हा कागद हातात द्या, फोटोही काढून द्या. टोळी चार दिवसांत दुसऱ्या फडावर, कदाचित दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेलेली असते, आणि तिथला डॉक्टर तुमचं वर्तुळ पाहूनच ठरवेल की ही जखम भरतेय की पसरतेय.